एम.एस्सी. आधी की रान आधी? खानापूर-बेळगावच्या मुलांनी काय करावं?

कणकुंबीकर
भाचीची बी.एस्सी. झूलॉजी यंदा संपली. तिला वन्यजीव संवर्धनातच काम करायचंय. घरात रोज एकच विषय, लगेच पुण्याला एम.एस्सी. बायोडायव्हर्सिटीला पाठवायची का? माझं मत, लगेच नको. एक वर्ष इथल्या रानात काढू दे.

आमच्या खानापुरातलं भीमगडचं रान 2011 मध्ये अभयारण्य झालं. म्हादई नदी इथंच उगम पावते, बारापेडेच्या गुहा इथंच. आणि आमच्या पदवीधर मुलांना ऐनाचं झाड कुठलं, किंदळाचं कुठलं हे खोडाची साल बघून सांगता येत नाही. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून यातला निम्मा दोष माझाच मानतो.

दुसरं, कन्नड. हे लिहिताना हात अडखळतो, कारण सीमाभागाच्या मोर्चात मीही चाललोय. पण रानातल्या वाड्या मराठी-कोकणी बोलतात आणि वनखात्याचा कागद कन्नडात येतो. पुनर्वसनाची नोटीस असो, गव्यानं भात खाल्ल्याचा भरपाईचा अर्ज असो, म्हातारी माणसं तो कागद घेऊन दारोदार फिरतात. दोन्हीकडचं वाचून, समजावून सांगणारं आपल्यातलं कुणीतरी हवं. त्या वर्षात ती कन्नड लिहायला शिकली तर मला एखाद्या पदवीइतकाच आनंद होईल.

लोंढ्याचा वाटाड्या
सर, नाही पटलं. मी खरं सांगालोय, राग मानू नका.

पाच वर्षं मी संशोधकांबरोबर फिरलो. कॅमेरे मी बांधले, अस्वलाची विष्ठा मी ओळखून दिली, जळवा माझ्या पायाला. अहवाल छापून आला त्यात माझं नाव कुठंच नाही. बारावीनंतर घरातून जमलं नाही, एवढंच कारण. अनुभव भरपूर हाय की माझ्याकडं! त्यावर रोजंदारी मिळते, पगार नव्हे.

आणि मुलीचं एक वर्ष घरात म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. सहा महिन्यांत पाहुणे बघायला येतात. पाठवा तिला.

धारवाडहून, संशोधन करणारी
दादांचं बरोबर आहे, पण मला वेगळ्या कारणानं. सर, अनुभवाला मी कमी लेखत नाही. प्रश्न मोजण्याचा आहे. एका वाटेवर दिवसभर फिरून गव्याचा माग दिसला नाही, म्हणजे गवा नाही का? त्याच वाटेवर पाच वेळा जा. दोनदाच माग सापडला, तर असूनही नजरेतून किती सुटतं याचा अंदाज बांधता येतो, आणि मग इतर वाटांवरचं 'नाही' किती खरं हे कळतं. वाघांचं तसंच. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, म्हणून तोच वाघ कॅमेऱ्यात पुन्हा किती वेळा येतो त्यावरून न दिसलेल्यांचा हिशेब लागतो. याला सांख्यिकी लागते, आणि ती कुणीतरी चुका दाखवत शिकवावी लागते.

तुमच्या बारापेडेचंच घ्या. तिथलं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं आणि कित्येक दशकं जगात फक्त तिथंच आहे असं मानलं जायचं. पुढं ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. हातात आलेलं वटवाघूळ नेमकं कुठलं, हे सांगणारी तयार नजर तिथं होती म्हणून!

बेंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. आहे, पण प्रवेश वर्षाआड. ते वर्ष हुकलं की थेट दोन वर्षं गेली. डेहराडूनची वन्यजीव संस्था आहे, जवळ शिरसीचं वनविद्या महाविद्यालय आहे. कुठंही जा, आधी एक विचारा: प्रबंधासाठी विद्यार्थी स्वतः रानात जाऊन माहिती गोळा करतो का? नसेल तर पैसे घालू नका.

चंदगडी
भारतीय वनसेवेच्या परीक्षेला झूलॉजीची पदवी चालते, एम.एस्सी.ची अट नाही. तेही डोक्यात असू द्या.

कन्नडाचं मात्र खटकलं. भाषा लादली जाते म्हणून आपण इतकी वर्षं भांडतोय आणि तुम्हीच मुलीला तिकडं ढकलता? महाराष्ट्रात तिलारी, दोडामार्ग, चंदगड इथं मराठीत काम आहे की.

कणकुंबीकर
चंदगडी, तिनं तिलारीत जरूर काम करावं. पण मग आमच्या वाडीतल्या म्हातारीचा अर्ज कोण लिहिणार? लादणं आणि आपल्या माणसासाठी शिकणं यात मी फरक करतो. त्यावरून मी हटणार नाही.

वर्षाच्या बाबतीत हटतो. प्रवेश वर्षाआड असतो हे मी धरलंच नव्हतं, आणि दादांचं पाहुण्यांचं वाचून बहिणीला फोन केला. स्थळ एक आलेलंच आहे.

दादा, अर्ज भरून होईतो मधले दोन-तीन महिने तिला तुमच्याबरोबर फिरू द्याल? अभयारण्याबाहेरच्या रानात, तुमची रोजी देऊन. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं पंचायतीत लोकांकडून ऐकून गावच्या झाडा-प्राण्यांची नोंदवही ठेवायची असते. तिनं त्यासाठी झाडं लिहावीत, आणि सांगणाऱ्याचं म्हणून तुमचं नाव आधी घालावं.

लोंढ्याचा वाटाड्या
पाठवा. पाऊस लागायच्या आत पाठवा, नंतर ओढे चढतात आणि वाटा बंद. पण सर, अर्ज भरल्याची पावती आधी मला दाखवायची. मग रान.