लाल फुलाची खरी कसोटी
पार्श्वभूमी छान धूसर झाली आहे, एवढ्यावरून जास्वंदीचे हे छायाचित्र उत्कृष्ट ठरवणे मला घाईचे वाटते. इतक्या जवळून टिपताना एफ/२.८ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र बरेच उघडे असताना, स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढे अंतर रेखीव दिसते ते) जेमतेम काही मिलिमीटर उरते. त्यामुळे पुढे आलेल्या केसरांची टोके रेखीव, पण पाकळ्या विरघळलेल्या, असे झाले आहे. छिद्र लहान करून एफ/११ च्या आसपास ठेवले असते, तर हे बरेच सावरले असते. त्याहून मोठा दोष रंगाचा आहे, कारण लाल फुलात एकूण प्रकाशमापन योग्य दिसत असतानाही लाल वाहिनी (छायाचित्रातील लाल रंगाची वेगळी नोंद) आधीच कमाल मर्यादेपर्यंत भरून जाते आणि पाकळीवरच्या शिरा पुसल्या जाऊन तिथे सपाट डाग उरतो (जेपेग या संकुचित फाइलमध्ये हा तपशील नंतर परत मिळवता येत नाही). म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या पातळ्यांचा आलेख, प्रत्येक रंगाचा स्वतंत्रपणे पाहावा. चौकट मात्र नेमकी साधली आहे.