लेकाला फ्रॅटर्निटीत जाऊ द्यावं का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला एका फ्रॅटर्निटीकडून (कॉलेजातल्या मुलांचा मेंबरशिपवाला क्लब) बिड आलीये म्हणजे बोलावणं. फोनवर इतका खुश होता की मला नाही म्हणवेना, पहिले दोन महिने डायनिंग हॉलमध्ये एकटाच जेवायचा हो. पण २०१७ ला पेन स्टेट युनिव्हर्सिटीत प्लेज म्हणजे फ्रॅटर्निटीत नवीन भरती झालेल्या पोराला दारू पाजली, तो पडला आणि गेला, ते डोक्यातून जातच नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये हेझिंगविरुद्ध, म्हणजे आपल्याकडच्या रॅगिंगसारख्या छळाविरुद्ध, कायदा झालाय, कॉलेजांना असे प्रकार जाहीर करावे लागतात, तो रिपोर्ट वेबसाइटवर नेमका कुठे सापडतो? ड्यूजचं म्हणजे मेंबरशिपच्या वर्गणीचं बघू नंतर. कोणाची मुलं गेलीयेत का, नाही पटलं तर मध्येच सोडता येतं का? शुक्रवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय, प्लीज सांगा.