बदलाची बातमी आधी ग्रुपवर का कळावी?

मधलीफळी

रात्री पावणेदहाला ऑफिसच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. सोबत एकच ओळ: 'सर्वांनी नोंद घ्यावी.' उघडून बघितलं तर दोन विभाग एकत्र होणार, सहा जणांची कामं बदलणार आणि दोन पदं रद्द. दहा मिनिटांत खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्याचं पद गेलं होतं त्या माझ्या सहकाऱ्यानेही अंगठा दिला होता.

सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला आधी माहीत होतं का?" मला माहीत नव्हतं. मी त्याचा वरिष्ठ, आणि मलाही ते त्याच क्षणी, त्याच ग्रुपवर कळलं होतं. हे त्याला पटलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. सहा वर्षांचा विश्वास त्या सकाळी संपला आणि पुढचे चार महिने तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. एखाद्याचं काम, पद, जागा किंवा वरिष्ठ बदलणार असेल, तर ते त्याला आधी त्याच्या वरिष्ठाने समोर बसवून सांगावं. ग्रुपवर मग काय टाकायचं ते टाका.

व्हॉट्सॲपवर २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या. ग्रुपमध्ये कोणी वाचलं, कोणी नाही हेही बघता येतं. त्यामुळे वर बसलेल्यांची अशी समजूत झाली आहे की वाचलं म्हणजे कळलं, आणि अंगठा दिला म्हणजे पटलं. वाचणं, कळणं आणि पटणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोनशे माणसांच्या देखत 'माझं काय होणार?' असं कोण विचारेल? तो प्रश्न दार लोटून, आवाज खाली आणूनच विचारला जातो. ती खोली आपण काढून घेतली आणि तिच्या जागी अंगठा दिला.

ज्यांनी संस्थेत मोठे बदल जवळून पाहिलेत त्यांनी जरूर लिहावं. विरोधी मतंही हवीत.

सरळरेघ

पूर्ण असहमत. तुमच्या सहकाऱ्याबद्दल वाईट वाटलं, पण तुम्ही मधल्या पायरीवरून बघताय. मी सगळ्यात खालच्या पायरीवर अकरा वर्षं काढली आहेत.

आमच्याकडे बातमी तुम्ही म्हणता तशीच यायची. संचालक विभागप्रमुखाला सांगणार, विभागप्रमुख व्यवस्थापकाला, व्यवस्थापक पर्यवेक्षकाला. प्रत्येक पायरीवर थोडं गाळलं जायचं, थोडं गोड केलं जायचं. आमचं युनिट हलणार हे आमच्या साहेबांना तीन आठवडे माहीत होतं. 'योग्य वेळ बघून सांगू' म्हणून ते थांबले. त्याच तीन आठवड्यांत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घराचं कर्ज घेतलं.

ते साहेब दुष्ट नव्हते. माणूस असाच वागतो. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं. दुसऱ्यासाठी आलेला निरोप चांगला असला तर लोक तो लगेच आणि पूर्ण सांगतात. वाईट असला तर टाळतात, अर्धवट सांगतात. याला त्यांनी 'मम इफेक्ट' म्हटलं. आता असे चार टप्पे एकाखाली एक लावा आणि शेवटच्या माणसापर्यंत काय पोहोचेल ते बघा.

ग्रुपवर मला आणि संचालकाच्या जवळच्या माणसाला एकाच मिनिटाला एकच मजकूर मिळतो. ही समानता आम्हाला फार उशिरा मिळाली आहे. ती 'माणुसकी'च्या नावाखाली परत घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

पहाटवारा

सरळरेघ यांच्याशी सहमत. शिवाय पायरीपायरीने सांगेपर्यंत बातमी आत राहतच नाही. नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांचं 'जळत्या फलाटा'चं पत्र, म्हणजे आपली कंपनी जळत्या फलाटावर उभी आहे असं सांगणारं पत्र, कर्मचाऱ्यांसाठी होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये ते फुटलं आणि जगभर छापून आलं. हे घडलं तेव्हा प्रत्येकाच्या खिशात स्क्रीनशॉट नव्हता. आज पहिल्या पायरीला सांगा, संध्याकाळपर्यंत शेवटच्या पायरीला तिसऱ्याकडून कळलेलं असतं. त्यापेक्षा ग्रुपवर सरळ टाकलेलं बरं.

मधलीफळी

@सरळरेघ, कर्जाचं वाचून थांबलो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बातमी दाबून ठेवणाऱ्या वरिष्ठाची बाजू मी घेणार नाही.

पण 'सर्वांना एकाच मिनिटाला' हे ऐकायला जितकं न्याय्य वाटतं तितकं ते असतं का? डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर नोकरी गेल्याचं सांगितलं. एकच मजकूर, एकच वेळ, सगळे समान. त्यावर जगभर संताप उसळला आणि प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली. समान वेळ मिळाली, पण प्रत्येकाला आपापला प्रश्न विचारायची जागा मिळाली नाही.

जुनीवही

दोन्ही बाजू माध्यमावरच भांडताहेत. ग्रुप की समोरासमोर? माझ्या मते खरा मुद्दा आधीचा आहे, आणि तो सोशल मीडिया यायच्या कितीतरी आधी तपासला गेलाय.

हारवूड नावाच्या पायजमे शिवणाऱ्या अमेरिकी कारखान्यात लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी एक प्रयोग केला. १९४८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कामात बदल अगदी किरकोळ होते. इस्त्री करणाऱ्या एका गटाने आधी तयार कपडे सहा-सहाच्या गठ्ठ्याने पुठ्ठ्यावर रचायचे, ते आता खोक्यात रचायचे. या गटाला नेहमीच्या पद्धतीने सांगितलं गेलं. म्हणजे बैठक घेतली, बाजारातल्या स्पर्धेमुळे बदल का लागतोय ते सांगितलं, नगामागच्या मजुरीचा नवा दर समजावला, प्रश्नांची उत्तरंही दिली. मधलीफळी, तुम्ही मागताय ते जवळपास सगळं त्यांना मिळालं होतं. तरी उत्पादन पडलं ते सावरलं नाही, वरिष्ठांशी खटके उडाले आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. दुसऱ्या गटांना बदल ठरवण्यातच सामील करून घेतलं होतं. नवी पद्धत कशी असावी, दर कसा मोजावा यावर त्यांनी स्वतः सुचवलं. ते गट लवकर सावरले, पुढे आधीपेक्षा जास्त उत्पादन देऊ लागले, आणि प्रयोगाच्या काळात त्यांच्यातलं कोणी सोडून गेलं नाही.

पुठ्ठ्याऐवजी खोकं, इतक्या बदलावर हे घडलं! म्हणून ठरून गेलेली गोष्ट सांगण्याचं माध्यम कोणतं, यावर इतकी शक्ती घालवू नये असं मला मनापासून वाटतं. पीडीएफ रात्री आली की सकाळी, हा दुय्यम भाग. ती तयार होत असताना त्या सहा जणांपैकी कोणाला विचारलं होतं का?

रातपाळी

मी पाळीत काम करते, म्हणून एक वेगळी बाजू. पावणेदहाचा मेसेज मला पहाटे दोनला दिसतो. तोवर त्यावर ऐंशी उत्तरं आलेली असतात, निम्मी अभिनंदनाची. 'एकाच मिनिटाला' हे दिवसपाळीचं गणित आहे. आणि सुट्टीच्या दिवशी ग्रुप बघितला नाही तर 'तुम्हाला कळवलं होतं' हे ऐकावं लागतं.

फ्रान्समध्ये ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळं राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क कायद्यात आला. ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, हे मान्य केलं तर आमची झोपही ऑफिसची होते.

पहाटवारा

@रातपाळी, हा मुद्दा लक्षातच आला नव्हता. बरोबर आहे तुमचं.

सरळरेघ

@जुनीवही, प्रयोग पटला. पण सामील करून घेणं म्हणजे काय, हेही बोलायला हवं. आमच्याकडे अंतर्गत नेटवर्कवर 'आपली मतं मांडा' म्हणून पान उघडलं होतं. तीनशे मतं आली, माझंही होतं. एकाचंही उत्तर आलं नाही आणि मूळ आराखड्यात शब्दही बदलला नाही. पुढच्या वेळी पान उघडलं तेव्हा अकरा मतं आली. व्यवस्थापनाने त्याचा अर्थ 'विरोध नाही' असा लावला. विचारून दुर्लक्ष करणं हे न विचारण्यापेक्षा जास्त लागतं.

पण तरीही ते पान मला हवंच आहे. कारण तिथे माझं म्हणणं तारखेसह राहतं. समोर बसून सांगितलेलं नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' होतं, हे मी भोगलंय.

जुनीवही

राहील याची खात्री धरू नका. फेसबुकने २०१६ मध्ये कंपन्यांसाठी 'वर्कप्लेस' आणलं. मे २०२४ मध्ये ते बंद करणार असं जाहीर झालं आणि सप्टेंबर २०२५ पासून तिथलं फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, असं ठरलं. महत्त्वाचं आश्वासन असेल तर ते पत्रावर, सहीनिशी घ्या.

मधलीफळी

सगळं दोनदा वाचलं. @सरळरेघ, लेखी हवं हे मान्य, आणि वरिष्ठाने थांबवून ठेवता कामा नये हेही. म्हणून माझी मागणी बदलतो: ज्यांच्यावर थेट परिणाम होणार त्यांच्याशी बोलणं आणि सर्वांसाठीचा मजकूर, दोन्ही एकाच दिवशी, बोलणं सकाळी आणि मजकूर दुपारी. पाळीतल्यांशी त्यांच्या पाळीत बोलायचं. मधल्या पायरीला आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. म्हणजे साहेबांचे तीन आठवडे होणार नाहीत.

@जुनीवही, त्या सहा जणांपैकी कोणालाच विचारलं नव्हतं. मलाही नव्हतं. पण ग्रुपवर मीसुद्धा अंगठा दिला होता, हे वर लिहायचं राहिलं.

सरळरेघ

एक दिवसाची मुदत असेल तर मला चालेल. पण ती पाळली नाही तर कोणाकडे जायचं, तेही त्याच मजकुरात लिहिलेलं हवं.