जुनी .३०३ रायफल अदलाबदलीत घेताना काय काय तपासायचं?

बारीकनेम
माझ्याकडे .२२ ची टार्गेट बोल्ट-अ‍ॅक्शन आहे, जपून वापरलेली. क्लबातल्या एकाला ती हवी आहे. बदल्यात तो ली-एन्फील्ड नंबर ४, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लष्करी .३०३ रायफल देतोय, वर काही देणं-घेणं नाही. म्हणतो, "सगळी ओरिजिनल, नळी आरशासारखी." फोटोत लाकूड चकाचक, धातू काळाभोर. परवान्याची नोंद दोघंही रीतसर करणार आहोत, तो प्रश्न नाही. पण .३०३ मी कधी हाताळलेली नाही. बघायला जाईन तेव्हा नजर कुठे ठेवू?

निवृत्त आर्मरर
चकाचक लाकूड म्हणालात तिथेच माझे कान टवकारले. पण ते नंतर.

रायफल हातात आली की आधी मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे घ्या, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा. मालक "रिकामीच आहे हो" म्हणत असला तरी.

मग नळी. तेल माखलेली कुठलीही नळी आरशासारखीच दिसते, म्हणून आधी स्वतःची कोरडी चिंधी फिरवा. बोल्ट काढून मागच्या बाजूने बघा, नळीच्या तोंडापुढे पांढरा कागद धरा. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचा क्षार नळीत राहतो, हवेतली ओल धरतो आणि वेळेत धुतला नाही तर पोलाद खातो. नळीतल्या पीळदार खोबण्यांच्या कोपऱ्यात काळे खड्डे दिसले तर ते त्याचेच. नुसता पांढुरका धूसरपणा असेल आणि कडा धारदार असतील, तर तशा नळ्या छान मारतात. खोबण्या दोनच दिसल्या तर दचकू नका, युद्धकाळात तशा नळ्या भरपूर बनल्या. मात्र आत कुठे काळी कडी दिसली तर रायफल परत द्या. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की नळी तिथे फुगते.

आता तोंड. नळी साफ करायची पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली गेली की एका बाजूची कड झिजते. एक सुटी .३०३ गोळी सोबत न्या. फक्त गोळी, काडतूस नव्हे. टोकाकडून तोंडात अलगद ठेवा. बराचसा भाग बाहेर राहिला तर ठीक. जवळजवळ सगळी आत सरकली तर तोंड गेलंय.

सगळ्यात महत्त्वाचं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा. .३०३ चं काडतूस बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकतं, आणि लष्करी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच. हे डोळ्याला कळत नाही, गेजच (मापाचे ठोकळे) लागतात. फील्ड गेजवर, म्हणजे कमाल मर्यादेच्या ठोकळ्यावर, बोल्ट बंद झाला तर ती झाडायची नाही. बोल्टहेडवर (बोल्टच्या पुढच्या सुट्या तुकड्यावर) ० ते ३ पैकी आकडा असतो, मोठा आकडा म्हणजे लांब बोल्टहेड. ३ बसवलेला असेल आणि तरी माप ढिलं असेल, तर पुढचा मार्ग खर्चाचा.

तेलकट चिंधी
वरच्यात एक भर. शिक्का "मार्क १*" असेल तर बोल्टहेड ज्या पट्टीवरून सरकतं तिच्या पुढच्या भागात खाच असते. त्या खाचेची कड तुटकी असली तर बोल्ट ओढताना बोल्टहेड तिथून निसटतं. भिंग घेऊन बघा, घाईत हमखास सुटतं.

आणि काळाभोर धातू? युद्धकाळातल्या नंबर ४ वर अशी झळाळी नसायची. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, स्क्रूच्या चिरा फाटलेल्या असतील, तर घासून पुन्हा ब्लूइंग (धातूला काळानिळा रंग चढवणं) केलंय. लाकूड धातूच्या पातळीखाली उतरलं असेल तर तेही सँडपेपरने घासलंय. झाडायला काही अडत नाही, पण "ओरिजिनल" म्हणून भाव लावू देऊ नका.

बारीकनेम
नंबर जुळायला हवेत म्हणतात, ते कुठले? आणि न जुळले तर सोडून देऊ का?

निवृत्त आर्मरर
बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या) डाव्या बाजूचा आणि बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी असलेला, हे दोन आधी. फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या लाकडाच्या, टोकाखालीही बहुधा असतो. मॅगझिनचा वेगळा असला तर मी झोप घालवणार नाही. बोल्टचा वेगळा असला की संग्राहकाच्या दृष्टीने किंमत पडते, आणि हेडस्पेस तपासल्याशिवाय त्या रायफलीला मी हातही लावत नाही.

आणखी एक चाचणी. तोंडाजवळ नळी बोटांनी वर उचला. फोरएंडचं टोक तिला खालून रेटा देत असतं, त्यामुळे जोर लागला पाहिजे आणि सोडल्यावर ती पुन्हा तिथेच बसली पाहिजे. नळी आपली आपण हलत असेल तर बेडिंग, म्हणजे धातूची लाकडातली बैठक, बिघडलंय, निशाण्यावर गोळ्यांचा गट पसरणार.

फक्त_कागदावर
मी हिशोबाचं बोलतो. दोन्ही रायफलींची रोख किंमत वेगवेगळी काढा, मग अदलाबदल बोला. "बरोबरीत बरोबर" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आपलीच किंमत चढवून बसलेला असतो. तुमच्या .२२ मधून शिशाच्या गोळ्या आणि थोडी दारू गेलीये, नळी अजून कित्येक वर्षं टिकेल. समोरची कॉर्डाइट (जुनी, फार तापणारी लष्करी दारू) खाऊन आलेली आहे. शिवाय पुढे .३०३ चं काडतूस .२२ च्या कैकपट महाग पडणार, ते धरलंत का?

बारीकनेम
ते नव्हतं धरलं. गेज आमच्या क्लबाच्या गनस्मिथकडे आहेत, रायफल तिथेच आणायला सांगतो.

निवृत्त आर्मरर
आणायला कां कूं करू लागला तर जायचेही कष्ट घेऊ नका.