तार सप्तकात (वरच्या सुरांत) आवाज फाटतो. छातीचा आवाज, डोक्याचा आवाज खरंच वेगळे असतात का? (मदत हवी आहे)

फोंड्याचो_गळो
अभंगाच्या अंतऱ्यात वर गेलो की आवाज फाटतो, पुढचा सूर बारीक नि पोकळ येतो. बुवा म्हणतात दोन आवाज वगैरे काही नसतं, रियाज कमी पडतोय. चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा मित्र म्हणतो, ते वेगळं रजिस्टर, म्हणजे आवाज निघण्याची वेगळी तऱ्हा. कोण बरोबर? स्पर्धा तोंडावर आहे, लवकर सांगा.

काणकोणची_माई
पुरुष की बाई? पट्टी कुठली, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर? नेमका कुठल्या सुरावर फाटतो?

खर्जसाधक
बुवांचं ऐका. पहाटे खर्ज (खालचे सूर) लावा, आवाज आपोआप खुलतो, माझा खुलला. केसरबाई केरकरांचं ध्वनिमुद्रण लावा, वर-खाली तोच भरदार आकार. कुठे दिसतं रजिस्टर?

मडगाव_टेनर
खर्जदादा, रजिस्टर बदलतं तो सांधा ऐकू येत नाही म्हणजे तो नसतोच असं कसं? आम्हाला क्वायरमध्ये तो झाकायलाच शिकवतात.

पेटीवाला_पेडणे
पेटी तपासा आधी. पावसात लाकूड फुगतं, पट्टी अडकते, सूर दबून येतो.

फोंड्याचो_गळो
पेटी ठीक आहे हो! पुरुष, काळी एक. तार रिषभ छान लागतो, शुद्ध गंधारावर फाटतो. मूळ प्रश्नाचं कोणी सांगेल का?

स्वरयंत्र
छाती आणि डोकं ही नावं कंप कुठे जाणवतो त्यावरून पडली. आवाज दोन्ही वेळा स्वरयंत्रातच होतो. तेवढ्यापुरते बुवा बरोबर. पण बदल भास नाही. खालच्या सुरांत स्वरतंतू जाड राहतात, पुरते मिटतात. वर ताणले जाऊन पातळ होतात, मुख्यतः कडाच थरथरतात, मिटण्याचा काळ घटतो. गळ्याला बाहेरून इलेक्ट्रोड लावले की हा फरक आलेखावर दिसतो. गायनशिक्षक मान्युएल गार्सियाने १८४० च्या दशकातच रजिस्टरची व्याख्या यंत्रणेवरून केली होती, १८५४ मध्ये आरशाने स्वतःचे स्वरतंतूही पाहिले.

तुमचा तार गंधार साधारण ३४९ हर्ट्झ. पुरुषांचा सांधा बहुधा याच भागात येतो. तिथे जोर लावला तर एक स्नायू सोडत नाही, दुसरा ओढतो, मग आवाज एकदम सुटतो. रिषभापासूनच आवाज हलका करा. 'ऊ'वर गंधाराकडून हळू खाली या.

खर्जसाधक
आलेख बघून कोणी गवई झालेला नाही. हलकं गाऊन भजन उभं राहतं का?

मडगाव_टेनर
हलकं म्हणजे मिळमिळीत नव्हे, दादा.

काणकोणची_माई
स्पर्धेपुरती पट्टी खालची पांढरी सात घे, बाबा. तिथला तार गंधार म्हणजे काळी एकचा तार रिषभच, जो तुला लागतो. सांध्याचं काम नंतर सावकाश कर.

फोंड्याचो_गळो
माई, हे पटलं. पण कोरसमध्ये लहान मुलं आहेत, त्यांना खालचे सूर पोचत नाहीत. त्यांचं काय करू?