घरी केलेलं क्लीनर: खरंच साफ करतं की नुसतं फसफसतं?

मोकळी_खिडकी:
दोन वर्षं झाली, घरात विकतचं क्लीनर आणलेलं नाही. सुरुवात झाली ती खोकल्यामुळे. बाथरूम धुवायला घेतलं की त्या स्प्रेने घसा धरायचा, डोळ्यातून पाणी यायचं आणि मी इतकी वर्षं समजत होते की स्वच्छतेचा वास असाच असतो. मग नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासाबद्दल वाचलं, त्यात सहा हजारांवर लोकांची २० वर्षांची माहिती होती आणि घरी साफसफाई करणाऱ्या किंवा तेच काम पोटासाठी करणाऱ्या बायकांची फुप्फुसांची ताकद न करणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने कमी झालेली दिसली. तेव्हाच ठरवलं, बास.
आता अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा आणि टी ट्रीच्या तेलाचे थेंब, एवढ्यावर सगळं घर निघतं. प्रत्येकाने हे घरीच करावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी_बादली:
खोकल्याचं शंभर टक्के पटलं, बाटलीचं अजिबात नाही. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोन्ही एकमेकांना मारतात. हिशोबच करून बघा ना, ५ टक्क्यांच्या २५० मिली व्हिनेगरमध्ये साडेबारा ग्रॅम आम्ल असतं आणि ते संपवायला साधारण साडेसतरा ग्रॅम सोडा पुरतो. तुमचे दोन मोठे चमचे त्याहून जास्तच भरतात. म्हणजे फेस बसला की उरतं काय, तर सोडियम ॲसिटेटचं (दोघांच्या मिलाफातून बनलेल्या क्षाराचं) पाणी आणि थोडा शिल्लक सोडा, व्हिनेगरचा गुण गेलाच. आणि फसफस चालू असताना झाकण घट्ट लावू नका, गॅसने बाटली फुटते.

मोकळी_खिडकी:
मग माझी बेसिनं चकचकीत कशी होतात? डोळ्यांनी बघते मी रोज.

दुसरी_बादली:
कारण तुम्ही घासता. फडकं, पाणी आणि हात यांचं श्रेय बाटलीला जातंय. नळावर पांढरे क्षार चढलेत ना, तिथे नुसतं व्हिनेगर वापरा, सोडा न घालता. कापूस भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळा, अर्ध्या तासाने काढा, थर मऊ पडलेला असतो, जुन्या ब्रशने सहज निघतो. सोडा तेलकट डागांना, तोही वेगळा. एकेकटे दोघंही कामाचे आहेत, माझं भांडण फक्त मिसळण्याशी आहे.

कोरडं_फडकं:
मी घरच्याच बाजूची, पण एक सांगते. आमच्या पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर व्हिनेगरची बाटली रात्रभर राहिली, बुडाला थोडं सांडलेलं होतं. सकाळी उचलली तर बाटलीच्या बुडाएवढं गोल वर्तुळ, पॉलिश उडालेलं, बोट फिरवलं की खरखरीत लागायचं. डाग असता तर पुसला असता, हा तर दगडच खाल्ला गेला होता, नळावरचे क्षार आणि संगमरवर मुळात एकच कॅल्शियम कार्बोनेट. तेव्हापासून दगडाला फक्त साबणाचं कोमट पाणी. चिकट चिमणीला धुण्याचा सोडा, पण ॲल्युमिनियमच्या जाळीला लावू नका, काळी पडते.

बाळाची_आई:
सगळे डाग आणि चमक बोलताय, जंतूंचं काय? घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले, फरशीवर पडलं, तेव्हा व्हिनेगरवर मी अजिबात विसंबणार नाही. आधी साबणाने पुसायचं, मग ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं मूळ रसायन) असलेलं ब्लीचचं ताजं पाणी, थोडा वेळ ओलं ठेवायचं, मग पुसायचं. करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेनेही फरशी-टेबलांसाठी हेच प्रमाण सांगितलं होतं. आणि कळकळीने सांगते, व्हिनेगर मारलेल्या जागी ब्लीच कधीही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. माझ्या बहिणीने बंद बाथरूममध्ये हे केलं आणि दोन मिनिटांत खोकत बाहेर पळाली, छाती दिवसभर जड होती तिची. नैसर्गिक म्हणून निर्धास्त होती ती!

मोकळी_खिडकी:
हे वाचून खरंच दचकले, माझ्या बाटलीवर काय आहे ते लिहिलेलंसुद्धा नाही. आज बाटल्या वेगळ्या करते, नावं लिहिते. पण रोज ब्लीच? नाही. रोजच्या धुळीला, बेसिनला जंतू मारायची गरजच काय, साबणाच्या पाण्याने बहुतेक निघून जातात. आजारपण असेल तेव्हा तुमचं बरोबर. मी रोजच्याचं बोलतेय आणि तिथे मी मागे फिरणार नाही, कारण माझा खोकला खरोखर थांबलाय.

दुसरी_बादली:
थांबणारच, स्प्रेचा फवारा नाकात जायचा थांबला ना. विकतचंही फडक्यावर ओतून, खिडकी उघडी ठेवून पुसलं तर बराच फरक पडतो. तेव्हा दोष एकट्या विकतच्याला देऊ नका. बाय द वे, टी ट्रीचं तेल घालता म्हणालात, घरात मांजर आहे का? मांजरांना ते विषारी असतं, पुसलेल्या फरशीवरून चालतात आणि पंजे चाटतात.

मोकळी_खिडकी:
आहे. दोन. तेल आत्ताच कपाटात बंद केलं, फरशी साध्या पाण्याने परत पुसतेय.