मदत हवी आहे: 'विश्वासू जर्मन, आळशी ग्रीक' हे शिक्के पुसतात का?

मंडळी, कॉलेजच्या निबंधासाठी थोडी मदत हवी आहे. 2013 साली प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने युरोपातल्या 8 देशांत विचारलं, सर्वात विश्वासू कोण? बहुतेकांचं उत्तर जर्मनी; ग्रीकांनी मात्र स्वतःचंच नाव घेतलं. (फ्रेंचांची तर कमाल, सर्वात उद्धट आपणच आणि सर्वात नम्रही आपणच!) ग्रीस कर्जसंकटात सापडून जर्मनीसारख्या देशांकडून पैसे घेत होता, तेव्हा ग्रीकांवर आळशीपणाचा शिक्का बसला होता, पण ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आकड्यांत ग्रीक कामगार वर्षाला जर्मनांपेक्षा कितीतरी जास्त तास राबतो.

आकडे समोर असूनही लोकांचं मत का बदलत नसावं? मला तर वाटतं, पैसे कोण कोणाला देतंय यावरच सगळं ठरतं. युरोपात राहणाऱ्यांनी कृपया सांगा, सोबत काम केल्यावर असा ग्रह खरंच गळून पडतो, की तो माणूस फक्त 'अपवाद' ठरतो?